ताकद तीन

"ताकद तीन? तीनच?" मैत्रेयीने अभिषेकच्या हातातल्या गेमच्या पडद्यात डोकं घातलं. "आणि जीव आठ. एका फटक्यात मरेल ही."

"तिला कशाला कोण फटका मारेल? हीलर आहे ती. मागे उभी राहते आणि बाकीच्या पाचांना बरं करते," अभिषेक म्हणाला. "सगळे पॉइंट मंत्रांवर टाकलेत. अशी हीलर शोधून सापडणार नाही तुला."

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर दोघं भावंडं बसली होती. सकाळी समा भागातल्या घरी दूध घ्यायला उतरताना त्यांची आई, विमलाताई, जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आजच करून टाकू, जितकं लवकर तितकं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. साडेअकराची वेळ मिळाली होती. आता अकरा वाजून गेले होते आणि बोलत राहिल्याशिवाय बसवत नव्हतं. आईबद्दल बोलायचा धीर दोघांनाही नव्हता, म्हणून गेम. पंधरा वर्षं दोघं याच विषयावर भांडत आली होती, त्यामुळे ते सोयीचंही होतं.

"माझ्या गेममध्ये असला मूर्खपणा केला तरी चालतो," मैत्रेयी म्हणाली. "तळावर परत यायचं, दिलेले पॉइंट काढून घ्यायचे आणि नव्याने वाटायचे."

"मग त्यात मजा काय? आमच्यात एकदा दिला तो दिला. माणूस घडवला तसा शेवटपर्यंत. म्हणून विचार करून खेळावं लागतं."

"दिसतोय तो विचार."

त्यांचे वडील, वामनराव, समोर येरझाऱ्या घालत होते. रिफायनरीत तीस वर्षं शिफ्ट सांभाळलेला माणूस. हाताला काम नसलं की त्यांना काही सुचत नाही. ते थांबले आणि चष्मा वर सरकवून पडद्याकडे बघू लागले.

"सहा जणांत डॉक्टर एकच?"

"एकच पुरतो, बाबा. दुसरा घेतला तर एक तलवारवाला कमी होतो."

"आणि हीच पडली तर?"

"ती नाही पडत."

"आमच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्ह दोघांना तरी माहीत असायचा. एक जण रजेवर गेला म्हणून प्लांट बंद ठेवता येत नाही." एवढं सांगून त्यांना जरा बरं वाटलं आणि ते पुन्हा चालू लागले.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. तिच्या हातात फाइल होती.

"काका, मासी लोही पातळुं करवानी गोळी ले छे?" तिने गुजरातीत विचारलं.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आज ऑपरेशन करता येणार नाही, असं तिने समजावलं. खुद्द मासींना, म्हणजे विमलाताईंना, विचारून झालं होतं. पण दुखणं थांबवायच्या इंजेक्शनने त्या गुंगीत होत्या आणि जे विचारावं त्याला हो म्हणत होत्या.

मैत्रेयीने वडिलांकडे बघितलं.

"सकाळी चहाबरोबर घेते ती काहीतरी," वामनराव म्हणाले. "लहानशी. पांढरी." मग अडखळले. "का पिवळी? माझ्या सगळ्या गोळ्या तीच हातावर ठेवते ग." प्लांटमधल्या पंपांचे नंबर त्यांना अजून तोंडपाठ होते.

"अभी, तू तर घरातच असतोस."

"तू रोज तासभर फोनवर बोलतेस तिच्याशी," अभिषेक म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली.

घराची एक किल्ली वरच्या मजल्यावरच्या कांचनकाकूंकडे असायची. मैत्रेयीने त्यांना फोन लावून गोळ्यांचा डबा बघायला सांगितला आणि फोन स्पीकरवर टाकला. कुलूप उघडल्याचा, मग कपाटाचा आवाज आला. वामनराव जवळ येऊन उभे राहिले.

"मळ्यो, मळ्यो. सापडला," काकू म्हणाल्या. "चिठ्ठ्या चिकटवल्यात तिने. थांब हं, वाचते. वामनराव, सकाळ. वामनराव, रात्र. अभिषेक, पित्त. मैत्रेयी, लोहाच्या, आली की दोन देणे."

मैत्रेयीचं लग्न होऊन ती नागरवाड्यात राहायला गेली त्याला चार वर्षं झाली होती.

"आणि आईचा खण, काकू?"

"चारच खण आहेत बेटा."

"खाली काही? एखादी सुटी पट्टी?"

पलीकडे डबा उलटा केल्याचा, मग एक एक ड्रॉवर ओढल्याचा आवाज येत राहिला. नर्स घड्याळाकडे बघत होती.

"ना रे," काकू म्हणाल्या. "तिचं नाव कुठेच नाही."

नर्सने फाइलवर काहीतरी लिहिलं. आधी रक्ताची तपासणी, रिपोर्ट आला की डॉक्टर ठरवतील, आज की आणखी तीन-चार दिवसांनी, असं सांगून ती आत गेली. साडेअकराच्या वेळेला दुसऱ्याच कुणाचा स्ट्रेचर थिएटरमध्ये गेला.

सकाळपासून पहिल्यांदाच वामनराव बाकावर बसले. अभिषेकच्या मांडीवर पडदा अजून चालूच होता. पाच जणांच्या मागे, निळ्या झग्यातली ती हीलर उभी होती. ते बराच वेळ तिच्या नावापुढचे आकडे बघत राहिले.

"हे आता बदलता येतं का रे?"

अभिषेकने बटणावरचा अंगठा काढून घेतला.

"ताईच्या गेममध्ये येतं, बाबा."