अकरा काचपेट्या

जहाज दोन दिवस बंदराबाहेर अडकलं आणि दुबईत शमा तांबोळीच्या हाती जेमतेम तीन तास उरले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सांगलीत बनवलेल्या बारा काचपेट्या आफ्रिकेतल्या एका इस्पितळात जायच्या होत्या. सगळी वाट विमानाने परवडत नव्हती, सगळी जहाजाने केली असती तर महिना लागला असता. म्हणून दुबईपर्यंत समुद्राने आणि पुढे संध्याकाळच्या विमानाने. तिथल्या वॉर्डात बारा बाळं होती.

विमानतळावरच्या गोदामात एका खोक्याची कड चेपलेली शमाला दिसली. तिने कारखान्यातल्या घोरपडेकाकांना फोन लावला.

"उघडून चालू कर," ते म्हणाले. "तापमान अडतीसच्या वर गेलं की भोंगा वाजायला हवा."

शमा आकड्यांकडे बघत राहिली. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. भोंगा वाजेना. बाहेर विमानात माल चढायला लागला होता.

"काका, वाजत नाहीये. पण पेटी तापतेय ना? नर्स लक्ष ठेवतील."

"आणि नर्सला डुलकी लागली तर?"

शमाने प्लग काढला. "अकराच पाठवते," ती म्हणाली. बाराव्या बाळाचं काय, हा प्रश्न मनात घेऊनच तिने अकरा खोकी विमानाकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाचा फोटो आला. शमाने पेट्या मोजल्या, मग धीर करून बाळं मोजली. खिडकीजवळच्या पेटीत जुळ्या बहिणी एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या.