चकलांब्याची सुरेखा

"सुरेखाताई, कॅमेरा चालू करा ना," स्वप्नाली म्हणाली.

"रेंज कमी हाय, मॅडम. आवाज तेवढा जातो," पलीकडून बारीक, आर्जवी उत्तर आलं.

स्वप्नाली बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दूरशिक्षणातून एम.ए. करणाऱ्यांना ती दुपारी ऑनलाइन शिकवायची: घरबसल्या प्रबंध कुठे शोधायचे, कोणता शब्द टाकला की काय सापडतं, संदर्भ कसा लिहायचा. या वर्गाची हजेरी भरल्याशिवाय लघुप्रबंध स्वीकारत नसत. बहुतेक जण नाव लावून गप्प बसत. चकलांब्याची सुरेखा मात्र विचारत राहायची.

"मॅडम, 'ऊसतोड' टाकलं की नुसते कारखान्यांचे अहवाल येत्यात. तोडीला गेलेल्यांच्या लेकरांच्या शाळेचं काय झालं, ते कुठं मिळंल?"

"'स्थलांतर' आणि 'शिक्षण' हे शब्द जोडून बघा."

मग थोड्या वेळाने, "सापडलं, मॅडम!"

त्या आवाजातला आनंद ऐकून स्वप्नालीलाच हसू आलं. तेवढ्यात तिकडे एक राकट पुरुषी आवाज गरजला.

"बंद कर ते आधी!"

माइक बंद झाला. स्वप्नालीने वर्ग पुढे नेला, पण मन लागेना. लग्नानंतर थोरल्या बहिणीचं शिक्षण असंच एका दरडावणीत थांबलेलं तिने पाहिलं होतं.

पुढच्या वर्गाला सुरेखा आली नाही. त्याच्या पुढच्याही. फोन नुसता वाजत राहायचा. शेवटचा वर्ग तेवढा उरला, तेव्हा स्वप्नालीने रजा टाकली आणि गेवराईची एसटी धरली.

चकलांब्यात घर लगेच सापडलं. दारात पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस उभा होता, गळ्याला मफलर गुंडाळलेला. सुरेखाचे सासरे, पंडितराव.

"कशापायी आलात?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "कितीक दिस झाले, घसा बसलाय. लई बोलता येत न्हाई."

बसलेल्या घशातूनही स्वप्नालीने वर्गात गरजलेला तो आवाज ओळखला.

"सुरेखाताईंना भेटायचंय. मी त्यांच्या ग्रंथालयाच्या वर्गाची मॅडम."

पंडितरावांचा चेहरा पडला. ते मागच्या खोलीत गेले.

सासूबाई साखराबाईंनी पाणी आणून दिलं. भिंतीवर पंडितरावांच्या भारुडाच्या मंडळींचा जुना फोटो होता. पखवाज, टाळ आणि मधोमध नऊवारीतली एक देखणी बाई. स्वप्नालीचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. एसटीत जुळवलेलं सगळं ती एका दमात बोलून गेली.

"त्यांना शिकू द्या, मावशी. इतकं मनापासून विचारणारं दुसरं कुणी नाही माझ्या वर्गात. अडवू नका."

"आमी कुठं अडवलंय, बाई?" साखराबाई गोंधळल्या. "सुरेखा अन् माझा बजरंग दिवाळीपासनं सांगलीकडं तोडीला हायती. दुपारची ती उसाच्या फडात असती."

"मग वर्गाला कोण बसतं? तुम्ही?"

"मला कुठं वाचाया येतंय?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "अन् मी नुसता टीव्ही लावला तरी हे वरडत्यात, वर्ग चालू हाय म्हणून."

स्वप्नालीने वळून पाहिलं. पंडितराव मधल्या दारात येऊन उभे होते, मान खाली घालून.

"तिची हजेरी कापू नका, मॅडम," ते म्हणाले. आवाज जरा घोगरा होता, पण सुरेखाचाच होता.