तळघरातलं बाथरूम

अकराला घराचं इन्स्पेक्शन होतं आणि दहा वाजले तरी तळघरातल्या बाथरूमचं दार उघडायला कोणी तयार नव्हतं. शेवटी धम्मदीपने उघडलं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या क्लबच्या, घराचा तो मॅनेजर होता.

आत कालची पार्टी तशीच पडली होती. बेसिनमध्ये कोणीतरी ओकलं होतं, आणि त्यात बिर्याणीची शितं अजून ओळखू येत होती. कमोड काठोकाठ भरलेला. टबात पिझ्झाचा खोका भिजून फुगला होता. फरशीवर बिअर आणि जे बिअर नव्हतं ते मिळून इतकं चिकट झालं होतं की बूट उचलताना आवाज यायचा. घरात बावीस मुलं, बावीसही हुशार, आणि एकालाही फ्लश दाबायची अक्कल नाही. नुसत्या घाणीची किळस एक वेळ सोसते. ती टाकून वर जाऊन ढाराढूर झोपणाऱ्यांची सोसत नाही.

दारावर कामांचा चार्ट होता, त्यावर नुसती पहिली नावं. या आठवड्यात तळघरातल्या बाथरूमसमोर लिहिलं होतं, अक्षत.

अक्षत मागे जिन्यात उभा होता, टी-शर्ट नाकावर ओढून. "ब्रो, आय कान्ट. आय विल लिटरली थ्रो अप."

"बेसिनमध्ये आहे ते तुझंच आहे."

"दॅट्स नॉट द पॉइंट, यार."

घर नापास झालं की मॅनेजर बदलायचा, असा इथला नियम. मॅनेजर बदलला की त्याची बिनभाड्याची खोलीही जायची. धम्मदीपचं कॉलेजचं शेवटचं वर्ष त्या खोलीवरच चाललं होतं. त्याने हातमोजे चढवले, बादलीत ब्लीच ओतलं आणि खाली वाकला. ऑगस्टपासून असं दुसऱ्याचं काम त्याने अकरा वेळा उरकलं होतं. भांडत बसण्यापेक्षा घासून मोकळं होणं लवकर व्हायचं.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर अक्षतची आई, उल्का काकू, येऊन उभ्या राहिल्या. पेरेंट्स वीकेंडसाठी त्या बेलव्ह्यूहून विमानाने आल्या होत्या आणि सकाळीच जवळच्या आयसेलिनमधल्या देशी दुकानातून बाकरवडीचा ट्रे घेऊन घरात शिरल्या होत्या. धम्मदीपचं मराठी ऐकून त्यांनी केवढं कौतुक केलं होतं.

"आडनाव काय रे तुझं?"

"रामटेके. नागपूरचे आम्ही."

"अच्छा," म्हणून त्यांनी ट्रे पुढच्या मुलाकडे नेला होता. धम्मदीपची बाकरवडी घ्यायची राहूनच गेली.

आता त्यांनी ओढणी नाकाशी धरली होती. "अरे वा, किती पटापट करतोयस. अक्षत, शीक जरा. नाही तर राहू दे, तुला नाही जमायचं. त्याला ना, लहानपणापासून घाण बघवतच नाही. तुमच्यात कसं, मुलांना सवय असते."

धम्मदीपचा हात थांबला. "आमच्यात म्हणजे, काकू?"

काकू हसल्या. गोड हसल्या. "म्हणजे नागपूरकडे रे."

वीस वर्षं अमेरिकेत काढलेली बाई. ऑफिसात भेदभावाविरुद्धचं ट्रेनिंग असलं की पहिल्या रांगेत बसणारी. आणि हे बोलताना ओढणी नाकावरून तसूभरही हलली नाही. बाथरूमचा वास त्या मानाने बरा होता.

धम्मदीप उठला. हातमोजे काढून त्याने बादलीच्या काठावर ठेवले. "अक्षत, सव्वादहा झालेत. काम तुझं आहे."

"डूड, यू विल लूज युवर रूम."

"माहितीये."

वर जाऊन त्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि इस्त्रीचा शर्ट घातला. खालून काकूंचा आवाज येत होता. "तू नको हात लावूस, नवीन शर्ट आहे तुझा. दार लोटून घे नुसतं. तपासणीवाले कशाला येतील एवढ्या खाली?"

इन्स्पेक्टर बाई अकराला आल्या. स्वयंपाकघर पास झालं. स्मोक अलार्म, आग विझवायचे सिलिंडर, मागचा जिना, सगळं पास झालं. ते सगळं धम्मदीपने ऑगस्टपासून सांभाळलं होतं. बाई टॅबलेटवर बोट फिरवत खूश दिसत होत्या, आणि बाहेरच्या दाराकडे वळल्यासुद्धा होत्या.

"तळघर राहिलं," धम्मदीप इंग्रजीत म्हणाला.

जिना उतरून त्याने लोटलेलं दार स्वतःच्या हाताने सताड उघडलं. बाई दोन पावलं मागे सरल्या. ब्लीचची बादली तशीच होती, हातमोजे तसेच होते. अक्षत भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता.

"मॅनेजर तू आहेस," बाई म्हणाल्या. "हे मला नापास करावं लागेल. म्हणजे काय होईल, तुला कल्पना आहे ना?"

"हो."

"काम कोणाचं होतं?"

त्याने चार्टवर बोट ठेवलं. बाईंनी अडखळत नाव वाचून टॅबलेटवर टाइप केलं. मग विचारलं, "लास्ट नेम?"

अक्षतने मान वर केली नाही. धम्मदीपला ते आडनाव पाठ होतं. तळमजल्यावरच्या टपालपेटीवर त्यानेच ते चिकटवलं होतं. पण वळून त्याने जिन्याच्या वरच्या पायरीकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "आडनाव विचारतायत."