न तुटलेली काच

काच तडकल्याचा आवाज फार मोठा नव्हता. दाताखाली खडा यावा एवढाच. जुन्या स्टेशनच्या हॉलमध्ये दोनशे माणसं खुर्च्या ओढत, एकमेकांना हाका मारत बसत होती. कुणाच्या कानावर तो गेला नाही. चौकीदाराने मात्र तो ऐकला.

तो तिकीटघरामागच्या बोळात शिरला. तिथल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलेली काचेची पट्टी होती. बोटभर रुंद, वीतभर लांब. ती मधोमध तुटली होती. याच भिंतीवर घड्याळाचा मनोरा उभा होता, आणि मनोऱ्याच्या बरोबर खाली आजचा, दुरुस्त झालेल्या स्टेशनच्या उद्घाटनाचा समारंभ.

पट्टी लावली होती इंजिनीअर बाईंनी. शेवटची गाडी जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. छपरातून झाडं उगवली होती आणि स्टेशन पाडायचं की राखायचं, यावर वरच्या लोकांचा घोळ काही मिटत नव्हता.

"काका, भिंत हलली की ही तुटणार," बाई म्हणाल्या होत्या. "काच खोटं बोलत नाही. दीड वर्ष टिकली तर इमारत राहील. नाहीतर पाडावी लागेल."

पट्टीवर तारीख घालून त्या गेल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन वहीत टिपून घेऊ लागल्या.

काच खोटं बोलत नाही हे खरं, पण काच बदलणारा बोलू शकतो. तिसऱ्याच महिन्यात पट्टी तुटली. चौकीदार उभी हयात इथे पोर्टर होता. लग्न होऊन बायको उतरली ती याच फलाटावर, आणि अजून दोघं पार्सलच्या खोलीत राहत होती. हे सगळं एका काचेपायी जाऊ द्यायचं? त्याने वेळापत्रकाच्या जुन्या चौकटीची काच काढली, वीस पट्ट्या कापल्या, एक लावली आणि तीच तारीख घातली. पुढच्या पाच महिन्यांत चार पट्ट्या गेल्या. कुणाला पत्ता लागू दिला नाही, बायकोलासुद्धा नाही. अन्न गोड लागेना. वाऱ्याने दार आपटलं तरी मनोरा अंगावर आला असं वाटे.

आणि मग काच तुटायची थांबली. बायको भल्या सकाळी सगळ्या इमारतीची झाडलोट उरकायची. तिच्यामागून हा जायचा. जवळ जायची हिंमत होत नसे. बोळाच्या तोंडाशी उभा राहूनच टॉर्च मारायचा. पट्टी अखंड. एक महिना, दोन, सहा, चौदा. भिंत एकदाची बसली म्हणायची, असं स्वतःला सांगत तो हळूहळू दोन घास जेवू लागला. बाईंनी अहवाल दिला, छप्पर झालं, रंग झाला. भेग बुजवायचं काम तेवढं समारंभानंतर ठेवलं होतं.

आणि आज हे.

फलाटावरची घंटा त्याने स्वतः घासून लखलखीत केली होती. समारंभाच्या शेवटी ती पाहुण्यांच्या हस्ते वाजणार होती. ती आत्ताच वाजवावी, तर माणसं बाहेर पडतील आणि उद्या सगळं उघडकीला येऊन इमारत जमीनदोस्त होईल. न वाजवावी, तर... पुढचा विचार त्याला करवेना. दारातून त्याने आत पाहिलं. गाणाऱ्या मुलांच्या पहिल्या रांगेत त्याची नात होती. आजोबा दिसताच तिने हात केला. त्यानेही केला.

चौदा महिन्यांत एकदा, तो मनाशी म्हणाला. रंगाऱ्याची शिडी लागली असेल. इतक्या खुर्च्या ओढतायत, त्याने असेल. एवढ्याने काय मनोरे पडतात? मनाला पटत नव्हतं, पण पाय पार्सलच्या खोलीकडे वळले. पंधरा पट्ट्या शिल्लक होत्या. एक लावायची, समारंभ पार पडू द्यायचा आणि मग बाईंच्या कानावर घालायचं.

त्याने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. डबा हलका लागला. झाकण उघडलं तर आत एकच पट्टी. खालचा कागद उचलून बघितला. फळीवर हात फिरवून बघितला.

"परत तुटली का?"

दारात बायको उभी होती, समारंभासाठी ठेवणीतलं नेसून.

"परत म्हणजे?"

"आणा ती इकडे. मी लावते. तुमचे हात बघा कसे कापतायत. माझा आता हात बसलाय."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"असं काय बघताय? तुमचं खाणंपिणं सुटलं होतं, ते काय मला दिसत नव्हतं? म्हटलं, तुटलेली तुमच्या नजरेला पडायलाच नको. झाडायला जाते, तेव्हाच बदलून टाकत होते." तिने त्याच्या हातातली शेवटची पट्टी घेतली आणि पदराने पुसली. "आधी बरं होतं हो, महिन्याला एखादी जायची. या आठवड्यातली ही तिसरी."

हॉलमध्ये मुलांनी पहिली ओळ उचलली. तो फलाटाकडे धावला.

एकोणीस वर्षांनी स्टेशनची घंटा वाजली, आणि वाजतच राहिली.