रोहण्याची साडी

कुंताबाईच्या मांडीवरच्या पिशवीत नवी साडी होती. डॉक्टरकडून निघालं की तडक रोहण्याला जायचं, लेकासाठी, मुकेशसाठी दुसरी पोरगी पाहायची, असं घरात ठरलं होतं. मुकेशची बायको जया शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जयामध्ये काहीच दोष नाही. मुकेशच्या अंगात बीज तयार करणाऱ्या पेशीच नाहीत. बाळ आईच्या पोटात असतानाच या पेशींना वाढायचे इशारे मिळतात. याच्या बाबतीत ते मिळाले नसावेत. यात चूक कोणाचीच नाही."

शेवटचं वाक्य मुकेशच्या वडिलांच्या, महादेवरावांच्या कानात शिरलंच नाही. लग्न झाल्यापासून सुनेला वांझोटी म्हणणारं तोंड आता बायकोकडे, कुंताबाईकडे वळलं.

"म्हंजे खोट तुह्या पोटात होती! माह्या पोराच्या जिंदगीची माती केली तुनं."

मुकेश मोबाईलमध्ये पाहत राहिला. कुंताबाईने पिशवी घट्ट धरली.

जयाने ती पिशवी सासूच्या हातातून सोडवली आणि सासऱ्यापुढे आदळली.

"उठा मामाजी, रोहण्याले चला. पोरगी आता तुमच्यासाठी पाहू."