रॉडनीची पाळत

"पोचले का?" रॉडनीनं फोन लागल्या लागल्या विचारलं.

"पोचले. आणि आल्या आल्या माझा अर्धा केक संपवला," नेब्रास्काहून व्हर्नाआत्या म्हणाली.

"ते जाऊ दे. गाडी कशी आली?"

"अंगणात रिव्हर्सनं, एका दमात. माझ्या पत्रपेटीला वारासुद्धा लागला नाही."

रॉडनीचा जरा हिरमोड झाला. मग आपल्या हिरमोडाचीच त्याला लाज वाटली.

मिनेसोटात बर्फ पडायला लागलं की त्याचे आईबाबा, आर्लिस आणि ऑरिन, घराला कुलूप लावायचे आणि आपली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन निघायचे. बहिणीच्या अंगणात दोन दिवस, मित्राच्या अंगणात चार दिवस, असं करत करत खाली टेक्सासात, रॉडनीच्या दारात. वसंत आला की परत. ऑरिननी जन्मभर शाळेची बस चालवलेली. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या भरवशावर शाळेत गेल्या. पण तीन वर्षांपूर्वी याच ऑरिननी भरदिवसा कोठाराचं दार गाडीनं उखडून काढलं, आणि वर म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं.

तेव्हापासून रॉडनीनं मनाशी घेतलं होतं. या हिवाळ्यात दोघं पोचले की किल्ली काढून घ्यायची आणि गाडी इथंच विकून टाकायची. याचा अर्थ काय, हे त्याला पुरतं कळत होतं. गाडी गेली की म्हातारा-म्हातारी सहा महिने बर्फात भिंतींकडे बघत बसणार, आणि जिवाभावाची माणसं भेटणार ती कुणाच्या तरी अंत्यविधीलाच. पण कुठल्यातरी खड्ड्यातून दोघांना बाहेर काढण्यापेक्षा ते बरं. फक्त बाबा नुसत्या बोलण्यानं ऐकणारे नव्हते, त्यांना पुरावा लागायचा. म्हणून रॉडनीनं वाटेतल्या सगळ्यांना रोजची खबर द्यायला सांगून ठेवलं होतं. याला तो काळजी म्हणायचा. दुसरं कुणी चोंबडेपणा म्हणालं असतं.

"आणि आई?" त्यानं विचारलं.

"जेवली आणि लगेच आडवी झाली. भांडी ऑरिननं घासली."

"बाबांनी? भांडी?"

"बरी घासतो की. कुठे कुठे खरकटं राहतं, तेवढं चालायचंच."

बाबांनी आयुष्यात कधी कप विसळलेला रॉडनीला आठवत नव्हता. म्हणजे आईला बरं नाही. आता ही दुसरीच काळजी मागे लागली.

दोन दिवसांनी ओक्लाहोमाहून लेरॉयचा फोन आला. लेरॉय बाबांचा जुना दोस्त, ट्रक चालवण्यात हयात गेलेली.

"रस्ताभर नुसतं बर्फ गोठलंय, रॉड. दोन ट्रक आडवे झालेले मी स्वतः पाहिले. आणि तुमची गाडी लोण्यातून सुरी यावी तशी आली. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण असा हात पाहिला नाही."

"त्यांना म्हणावं, उद्या निघू नका."

"मी कोण सांगणार? माझं ऐकतंय कोण?"

"आई बरी आहे ना, काका?"

"खांदे भरून आलेत म्हणते. ऑरिन मलम चोळतोय."

खांदे. जेवल्या जेवल्या झोप. रॉडनीच्या डोक्यात नाही नाही ते विचार यायला लागले. समोरून ट्रक आला की डोळे गच्च मिटून घेणारी त्याची आई. त्या तसल्या रस्त्यावर, बाबांच्या शेजारी बसून तिच्या जिवाचं काय झालं असेल! बाबांचा त्याला संताप आला.

तो कामावर असतानाच ते टेक्सासात पोचले. संध्याकाळी घरी येऊन बघतो, तर मोटरहोम शेजाऱ्याची बोट आणि पपनसाचं झाड यांच्या मधोमध उभी. दोन्हीकडे वीतभर जागा. तिथं त्याला स्वतःची लहानशी गाडी लावताना मागेपुढे करावं लागायचं.

आईनं त्याला मिठी मारली. गाल लाल, आवाज खणखणीत.

"छातीत दुखतं का गं तुझ्या?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग उद्या आधी बाबांचे डोळे तपासून घेऊ."

"चल की," ऑरिन म्हणाले. इतक्या पटकन की रॉडनीनं महिनाभर घोकलेलं भाषण तोंडातच राहिलं.

डॉक्टरांनी बराच वेळ घेतला. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. समोर उभ्या माणसाचे नाकडोळे दिसत नसणार, म्हणाले. आणि हे आजकालचं नाही, तीनेक वर्षं तरी झाली असतील.

"इतक्या लांब आलात कसे?" त्यांनी घाबरून विचारलं.

"रस्त्यानं," ऑरिन म्हणाले.

रॉडनी त्यांना घेऊन घरी आला. हवा होता तो पुरावा मिळाला होता, आणि आता तो नकोसा झाला होता. आई मोटरहोमच्या पायरीवर बसून पपनस सोलत होती.

"बाबा," तो म्हणाला, "तीन वर्षं. आईला शेजारी बसवून तीन वर्षं. बस झालं आता. किल्ली द्या."

त्यानं हात पुढे केला.

"लाज वाटायची रे मला," ऑरिन म्हणाले. "गावाची पोरं शाळेत नेणारा माणूस मी. म्हणून व्हर्नाला, लेरॉयला, सगळ्यांना बजावलं होतं, की रॉडला सांगू नका."

"काय सांगू नका?"

ऑरिननी मान वर केली. बसच्या दिवसांत करायचे तशी छाती पुढे काढली.

"किल्ली तुझ्या आईकडे माग. देईल असं काही वाटत नाही. तीन हिवाळे झाले, मला ती स्टिअरिंगला हात लावू देत नाही."