बदकाची उशी

आमच्या कोळंबीचं, म्हणजे माझ्या तान्ह्या मुलाचं, डोकं चपटं होऊ नये म्हणून सासूबाईंनी मुगाच्या साली वाळवून, त्या भरून इवलीशी उशी शिवली, वर बदकाचं भरतकामही केलं. व्हिएतनाममधल्या आमच्या ह्युए शहरात प्रत्येक आजी अशी उशी शिवते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला उशी नको. उताणं झोपवा आणि मान आलटूनपालटून वळवा. दूध फार ओकतोय, तर पाजल्यावर ढेकर काढून थोडा वेळ उभा धरा."

"मग एवढ्या साली काय डुकरांना घालू?" म्हणत सासूबाई रुसल्या.

उभं धरायचं काम सासऱ्यांनी घेतलं. दर दुधानंतर ते कोळंबीला छातीशी धरून, भिंतीला डोकं टेकवून डुलत बसायचे. पावसाळा सरल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाळाचं डोकं चाचपलं. "छान गोल आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात सासरे पाठमोरे झाले आणि त्यांच्या डोक्याला मागे भिंतीला घासून पडलेलं टक्कल बघून बाईंनी तेही चाचपलं.

 

आता दुपारी जेवण झालं की सासरे बदकाच्या उशीवर उताणे पडतात, आणि सासूबाई मधूनमधून येऊन दटावतात, "अहो, मान डावीकडे करा आता. ढेकर दिलात का?"